ओले पंचे

"साहेब, चार नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय," शिदराम म्हणाला आणि लगेच चहाच्या कपात बघू लागला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मशिन रूमच्या बाहेर कडुलिंबाखाली आम्ही सहाजण बसलो होतो. तासगाव रस्त्याला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथं मी सुपरवायझर होतो. शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बेदाण्याच्या पेट्या महिनोन्‌महिने आमच्या चेंबरमध्ये गारठून पडलेल्या असत. हा गारठा अमोनियाचा. तिथं त्याला अमोनिया कुणी म्हणत नसे, सगळे नुसतं 'गॅस' म्हणायचे, आणि त्याच्या उग्र वासाला सगळ्यांची नाकं सरावलेली. गॅस पाइपात असेपर्यंत गुणी असतो. बाहेर आला की डोळे, नाक, घसा, फुप्फुस, काही सोडत नाही.

सकाळच्या चहाची पद्धत मी पाडलेली. घरून थर्मास भरून आणायचो, बायको आलं जरा जास्तच घालायची. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की चहा संपेपर्यंत मी साहेब नाही. "इथं बोललेलं इथंच राहतं. कुणाचंही नाव या झाडाच्या सावलीबाहेर जाणार नाही." हे वाक्य मला फार आवडायचं. आठवड्यातून एकदा तरी मी ते म्हणायचोच. एका व्यवस्थापनाच्या शिबिरात तसं काहीसं ऐकलं होतं आणि आपण इतर सुपरवायझरांपेक्षा वेगळे आहोत, याचा मला अभिमान होता.

पण वर्षभर त्या झाडाखाली रजा आणि गमबूट यांपलीकडे कुणी काही बोललं नव्हतं. खरं काही बोलणारा शिदराम पहिलाच.

शिदराम ऐवळे आमचा फिटर. चाळिशीचा, काटकुळा, अबोल. रोज सकाळी गंधकाची वात पेटवायची आणि पाइपाच्या एकेका जोडाजवळून फिरवायची, हे त्याचं काम. गॅस गळत असेल तिथं वातीचा धूर पांढरा आणि दाट होतो. चार नंबरच्या व्हॉल्व्हपाशी आठ दिवस धूर दाट येतोय, गॅस अडवणारं आतलं पॅकिंग गेलंय, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, मग धोक्याची घंटा कशी वाजली नाही? त्यानं आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाला, घंटेची वायर कापलेली आहे. मागं एकदा व्यापारी माल बघायला आलेले असताना ती वाजली होती आणि व्यापारी गाडीत बसून निघून गेले होते. मालकांनी वायर कापायला सांगितली आणि ती शिदरामनंच कापली होती.

"माझं नाव तेवढं..." तो म्हणाला.

"नाव जाणार नाही. शब्द देतो."

दस्तगीर मुजावर समोर उकिडवा बसला होता. बावीस वर्षं मशिनवर काढलेला, आमच्यातला सगळ्यांत जुना माणूस. त्यानं कप खाली ठेवला.

"शब्द दिला न्हवं, साहेब? आमच्यासमोर दिला."

"दिला," मी म्हणालो.

मालकांकडे मी त्याच दुपारी गेलो. धनपाल मगदूम कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला बसवायचे, चहा सांगायचे, घरच्यांची चौकशी करायचे. माझं सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. त्या व्हॉल्व्हवरचा तीन नंबर चेंबर रिकामा झाला की पॅकिंग बदलू, आत्ता बदलायचं तर गॅस बंद करावा लागेल आणि माल गरम होईल, असं म्हणाले. बोलणं तसं रास्तच होतं. मी उठलो.

"बरं, उपाध्ये, सांगितलं कुणी?"

"नाव कशाला, मालक. मुद्दा खरा आहे."

"अहो, मुद्दा खराच आहे. म्हणूनच विचारतोय. इतका जागा माणूस आपल्याकडं आहे आणि मला माहीत नाही? त्याचं कौतुक करायला नको?"

इथं मला खोटं सांगता येईल. मालकांच्या गोड बोलण्याला भुललो, असं म्हणता येईल आणि ऐकणारा मान हलवेलही. पण मी भुललो नव्हतो. धनपाल मगदूम कुणाचं कौतुक करतात आणि कसं करतात, हे मला चार वर्षांत चांगलं कळलं होतं. तरी त्यांनी मला समोर बसवलं होतं, 'अहो उपाध्ये' म्हणत होते, आणि त्या खोलीत नाही म्हणायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. मी शिदरामचं नाव सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, इतकं ते सोपं गेलं.

बारा दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे मशिनची पूजा जोरात असायची. कॉम्प्रेसरला झेंडूचे हार, पॅनेलला कुंकू, व्हॉल्व्हच्या चाकांना हळदीची बोटं. चार नंबरलाही लावली होती. बेदाणा निवडणाऱ्या पन्नासेक बायका, हमाल, ड्रायव्हर, सगळे अंगणात जमले होते. आरती झाल्यावर मालकांनी माइक हातात घेतला.

"आज आपल्याला एका माणसाचा सत्कार करायचाय," ते म्हणाले. "शिदराम ऐवळे. या, पुढं या."

शिदराम आला. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता. आपल्याला कशासाठी बोलावलंय हे त्याला कळेना, म्हणून तो थोडासा हसत होता.

"यांचं नाक इतकं तिखट आहे की, दुसऱ्या कुणाला येत नाही तो वास यांना येतो," मालक म्हणाले. "उपाध्ये, शाल-श्रीफळ तुम्हीच द्या. तुम्हीच यांचं नाव मला सांगितलंत."

ताट माझ्यापुढं आलं. शाल मी शिदरामच्या खांद्यावर घातली, नारळ त्याच्या हातात दिला. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावरचं मघाचं हसू अजून तसंच राहिलं होतं. ते काढून टाकायचं त्याला सुचलं नसावं. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, हे खरं. पण किळस आलेल्या हातांनीच मी नमस्कार केला.

"असं नाक मशिन रूममध्ये वाया घालवायचं नाही," मालक पुढं म्हणाले. "उद्यापासून शिदराम खराब मालाच्या शेडमध्ये. पेट्या हुंगायच्या आणि कुठल्या कुजल्यात ते सांगायचं. सत्काराची शाल पांघरूनच बसायचं बरं का, शिदराम. शोभून दिसते."

मालकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दस्तगीरनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे हात पाठीमागं होते.

शिदराम अकरा दिवस त्या शेडमध्ये बसला. कुजक्या बेदाण्याच्या पेट्यांमध्ये, ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, लोकरी शाल पांघरून. हमालांनी त्याचं नाव हुंग्या पाडलं. मालक जाता-येता थांबायचे आणि विचारायचे, काय, येतोय का वास? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज बघत होतो. मी त्या बाजूनं जायचं टाळायचो, पण वजनकाट्याकडे जायला दुसरी वाट नव्हती. सातव्या की आठव्या दिवशी त्यानं मला हाक मारली. आता हा शिव्या देणार, असं मला वाटलं. त्यानं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, व्हॉल्व्ह बदलला का?"

"बदलू," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि पुढची पेटी ओढली.

बाराव्या दिवशी तो आला नाही. मिरजेकडे कुठल्याशा वीटभट्टीवर गेला म्हणून कळलं. शाल त्यानं शेडमध्ये घडी करून ठेवली होती. मी त्याच्या घरी गेलो नाही.

लिंबाखालचा चहा चालूच राहिला. आता आम्ही पाचजण होतो, मी, दस्तगीर आणि आणखी तिघं. मी विचारायचो, काही आहे का? कुणीतरी म्हणायचं, न्हाई साहेब, सगळं ठीक. पहिले काही दिवस मला लाज वाटली. मग सवय झाली, आणि नंतर नंतर तर बरंच वाटायला लागलं. गंधकाची वात आता दस्तगीर फिरवायचा. रजिस्टरमध्ये तो रोज 'सर्व ठीक' लिहायचा आणि खाली मी सही करायचो. दिवाळीनंतर मालक मला म्हणाले, तुमच्यामुळं तक्रारी एकदम बंद झाल्या हो. ते मी बायकोला घरी जाऊन सांगितलं.

आता पंच्यांचं सांगायला हवं. मशिन रूमच्या दाराबाहेर भिंतीत पाच खिळे होते आणि त्यांवर पाच पंचे टांगलेले असत. ही जुन्या मिस्त्रीची सोय. गॅस सुटला तर पंचा पाण्यात बुडवायचा, नाकातोंडावर बांधायचा आणि पळायचं. ओलं फडकं गॅस बराच शोषून घेतं. तसे खरे मास्क होते दोन, पण ते मालकांच्या केबिनमध्ये कपाटात, प्लास्टिकसकट. इन्स्पेक्टर यायचा असला की बाहेर निघायचे. पंचे मात्र वर्षानुवर्षं खिळ्यावर वाळून पापडासारखे कडक झालेले. पाचवा शिदरामचा होता. तो गेल्यावरही कुणी काढला नव्हता.

जानेवारीतल्या एका सकाळी मी आलो तर चौघांच्याही गळ्यात ओले पंचे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि यांचे शर्ट छातीपर्यंत भिजलेले.

"काय रे दस्तगीर," मी म्हणालो, "एवढ्या गारठ्यात सगळे न्हाऊन आलाय. कुणाचं लगीन काढलंय?"

"डोस्कं गरम झालंय, साहेब."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. दाराशी पाण्यानं भरलेल्या सहा बादल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. त्या कशाला म्हणून विचारलं, तर झाडाला घालायच्या म्हणाला. मी थर्मास उघडला. चहा पिताना नेहमीचं विचारलं, काही आहे का? न्हाई साहेब, सगळं ठीक. रजिस्टरवर सही केली.

दहाच्या सुमारास मालकांचा फोन आला. तीन नंबर चेंबर दोन डिग्रीनं वर गेलाय, अकराला व्यापारी येताहेत, लगेच खाली आणा. मी मशिन रूमशी आलो. चौघंही दारातच उभे होते. चार नंबर थोडा उघड, असं मी दस्तगीरला सांगितलं. तो हलला नाही.

"असू द्या की आज, साहेब."

"का? काही आहे का?"

त्यानं बाकीच्या तिघांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडलं होतं. त्याची पिकलेली दाढी, ओठ, दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ बघितलेलं ते शेवटचं माणसाचं तोंड, म्हणून मला अजून जसंच्या तसं आठवतं. काहीतरी त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"न्हाई. सगळं ठीक."

"मग काय झालंय? हातपाय गारठले का तुझे? सरक, मीच फिरवतो."

ते चौघंही बाजूला झाले. मला वाट दिली. साहेबाला देतात तशीच.

चाक अर्धं फिरलं असेल. फस्स असा आवाज झाला आणि तोंडावर काहीतरी बसलं. आधी गार वाटलं. मग डोळ्यांत निखारे कोंबल्यासारखं झालं. ओरडायला श्वास घेतला तर श्वासच आत जाईना. दार कुठं आहे ते कळेना. मी खाली पडलो आणि आपण मेलो, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात हात आले. चार-पाच हात, काखेत, पायाला. नाकातोंडावर ओलं फडकं आवळलं गेलं. मला फरफटत बाहेर आणलं आणि डोळ्यांवर पाणी ओतायला लागले. एक बादली, दुसरी, तिसरी, न थांबता. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ज्याचं त्याला काम ठाऊक होतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुमची माणसं फार हुशार, पाणी मारायला दोन मिनिटं उशीर झाला असता तर दोन्ही डोळे गेले असते. डावा गेला. उजव्यानं माणसाचा आकार दिसतो, उजेड दिसतो, मोठी अक्षरं दिसतात. माझ्या बायकोनं डॉक्टरांच्या नाही, दस्तगीरच्या पाया पडायचं ठरवलं.

तो चौथ्या दिवशी आला, तेव्हा ती जेवायला घरी गेली होती. डोळ्यांवर पट्टी असल्यानं मला फक्त आवाज आणि मोसंबीचा वास येत होता. तो सोलत बसला होता. चार दिवस मी अंधारात दुसरं काय करणार, सगळं पुन्हा पुन्हा बघत होतो. थंडी, भिजलेले शर्ट, झाडाला घालायच्या सहा बादल्या.

"बादल्या कधी भरल्या होत्या, दस्तगीर?"

"सकाळी सातला."

"म्हणजे माहीत होतं."

"तीन दिस झालं. धूर लईच दाट येत हुता."

"माझ्या तोंडावर बांधला तो पंचा कुणाचा?"

"शिदरामचा. तुमच्यासाठी भिजवून ठेवला हुता."

मला रडू आलं असतं, पण पट्टीखाली आग व्हायची. "एवढं सगळं केलंत," मी म्हणालो, "आणि एक शब्द सांगता आला नाही?"

त्यानं मोसंबीची फोड माझ्या हातात ठेवली. रागावलेला वाटला नाही. लहान पोराला हिशोब समजावावा तसा शांतपणे बोलला.

"सांगितलं असतं तर आमाला काढलं असतं. मग त्या दिशी तुमाला भाईर कुणी काढलं असतं, साहेब?"

फोड माझ्या हातातच राहिली.

उरलेली मोसंबी सोलता सोलता तो म्हणाला, असू द्या आज, असं म्हणालो हुतो मी. तेवढंच बोलता आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो उठला होता, पण गेला नाही.

"ह्ये तुमच्यापाशीच ठेवा. बाकीची तिघंबी पोराबाळांची हाईत."

"ठेवतो," मी म्हणालो. "शब्द देतो."

त्यानं माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. माझा हात हातात घेऊन बसले. बायकोला म्हणाले, वहिनी, उपाध्येंची नोकरी जन्मभर, काळजी करू नका. तिला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मग म्हणाले की, फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशी करणार. गळतीचं आधी कुणाला माहीत होतं, हे तो विचारणार.

याचं खरं उत्तर सोपं होतं. मालक, तुम्हाला माहीत होतं. सप्टेंबरात मीच सांगितलं होतं. एवढी दोन वाक्यं. ती त्यांनाही ठाऊक होती. त्यांचा अंगठा माझ्या हातावरून हळूहळू फिरत होता.

पण माझा एक डोळा गेला होता आणि धोका त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या चौघांना आधीपासून ठाऊक होता. या गोष्टीचा राग माझ्या अंगात चार दिवस साचलेला होता. मालकांवर मला राग यायला हवा होता. तो आला नाही. वर बघायची सवय नसली की राग खालीच उतरतो.

"बादल्या भरून ठेवल्या होत्या," मी म्हणालो. "पंचे भिजवले होते. तीन दिवस त्यांना माहीत होतं."

"कुणाकुणाला?"

मी चारही नावं सांगितली. दस्तगीरचं पहिलं.

धोका लपवला म्हणून चौघांनाही त्या आठवड्यात काढलं. दस्तगीरवर केस झाली. रजिस्टरमध्ये त्याच्याच अक्षरात 'सर्व ठीक' होतं आणि खाली माझी सही, पण मी तर जखमी होतो. माझी बायको त्याच्या पाया पडायला त्याच्या घरी गेली, तेव्हा त्याच्या सुनेनं तिला पाणी दिलं आणि मामंजी घरी नाहीत म्हणून सांगितलं. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता, असं बायको म्हणाली. ती परत आल्यावर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची. कुणी काय सांगितलं होतं ते तिला कळलं असावं. मी विचारलं नाही.

चार नंबरचं पॅकिंग बदललं. दोन तास लागले.

मी तिथं आणखी नऊ वर्षं काम केलं. नवे चौघं आले. त्यांना माझी सगळी गोष्ट माहीत होती. मी आल्याबरोबर उठून उभे राहायचे, कप आधी माझ्या हातात द्यायचे. लिंबाखाली बसून मी रोज विचारायचो, काही आहे का? ते म्हणायचे, नाही साहेब, सगळं ठीक. नऊ वर्षांत एकानंही मला दुसरं काही सांगितलं नाही.

चहा झाला की मी उठायचो आणि मशिन रूमच्या दाराशी जायचो. उजव्या डोळ्याला तिथला अंधूक पांढरा पट्टा तेवढा दिसायचा, म्हणून भिंतीवर हात फिरवत पहिल्या खिळ्यापासून एकेक पंचा चाचपून बघायचो. पाचही कोरडे लागले की मगच आत जायचो.